दुसऱ्या संबंधाचा कागद

मालवणात ६ जुलै १८३७ रोजी जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी हयात घालवली ती जुन्या पोथ्या-ताम्रपटांतली नावं नि तिथी जुळवण्यात. १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा मुलीचं पुन्हा लग्न लावून दिलं. बाप एवढा नामांकित, म्हणून ते चरित्रांत नोंदलं गेलं. पण त्या काळातलं असलं लग्न नुसत्या वंशावळीत शोधू गेलं तर सापडणं कठीण. वंशावळ बापाकडून मुलाकडे उतरते. लेक आलीच तर 'अमक्यांकडे दिली' एवढ्यापुरती. बिजवराचं मात्र वेगळं. कुलवृत्तांत चाळावा तर 'प्रथम संबंध', त्याखाली 'द्वितीय', कधी 'तृतीय'सुद्धा, आणि प्रत्येकीचं माहेरचं नाव सासरच्या नावाशेजारी बसवलेलं. पुरुषाचं दुसरं लग्न घरच्या कागदात गेलं, बाईचं वर्तमानपत्रात. तेही त्यावर भांडण पेटलं म्हणून.

याला नुसता विसर म्हणता येत नाही. १८५६च्या विधवाविवाहाच्या कायद्याचं दुसरं कलम सांगत होतं, की पुनर्विवाह होताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क, ती त्याच क्षणी वारली असं धरून, संपावा. वंशावळी लिहिणाऱ्यांनी हे कलम वाचलं असो-नसो, पाळलं मात्र बिनबोभाट. देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई लहानपणीच नातूंच्या घरात विधवा झाली आणि १८९३ साली पुण्यात धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाली. तीन आडनावं, दोन नावं. पहिल्या सासरी ती संपते, दुसऱ्या घरी कोरी नवरी म्हणून उगवते. या दोघी एकच, हे सांगणारा दुवा बाहेरूनच यावा लागतो. तिच्या बाबतीत तिनं स्वतःच 'माझे पुराण' सांगून ठेवलं. सगळ्यांनाच पुराण सांगायला कुठलं मिळायला!

आता कोणी म्हणेल, वर्तमानपत्रं तर पक्षपाती. 'इंदुप्रकाश' सुधारकांचा, त्याच्या शब्दावर काय विसंबायचं? खरं आहे, पण इथं पक्षपातच उपयोगी पडतो. १८६९ साली मुंबईत वेणूबाई आणि पांडुरंग करमरकर यांचा पुनर्विवाह झाला, तेव्हा एकानं त्याला धर्म म्हटलं, दुसऱ्यानं अधर्म. लग्न लागलं याबद्दल मात्र दोघांचं दुमत नव्हतं. वैऱ्यानं दिलेली साक्ष सोयऱ्याच्या आठवणीहून पक्की. बहिष्काराचा कागदही असाच. वाळीत कोणाला टाकलं हे लिहिताना मांडवात कोण होतं, तेही लिहून होतं. फक्त शोधणाऱ्यानं जिल्ह्याच्या नावानं फसू नये. सिंधुदुर्ग १९८१चा, त्याआधीचं मालवण रत्नागिरीच्या दप्तरात, आणि सावंतवाडीचं संस्थान निराळं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, नि तो मी मान्य करतो. हा सगळा खटाटोप पांढरपेशांपुरता. १८८०च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरात कितीतरी जातींच्या वर्णनात विधवाविवाहाची मोकळीक असल्याचं नमूद आहे. तिथं विधवेचा पाट लागायचा, सहसा रात्री, मोजक्या माणसांत. त्यावर शास्त्रार्थ झाला नाही, अग्रलेख निघाला नाही. ज्या घरांत वंशावळ लिहायची रीतच नव्हती, तिथं गाळलेली ओळ तरी कुठं शोधायची? किनाऱ्यावरच्या त्या बायकांच्या वाट्याला गॅझेटियरातलं जातीमागे एकेक वाक्य आलं, आणि त्यात नाव कुणाचंच नाही.