टँपाच्या उपसागरातील कप्तान आणि सोडून दिलेला मासा

फ्लोरिडातील टँपाच्या उपसागरात भाड्याच्या होडीतून गळाने मासे धरून आलेल्या मराठी पाहुण्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती अशी की चार तासांसाठी काही शे डॉलर मोजूनही धरलेले बहुतेक मासे पाण्यात परत सोडावे लागले आणि घरी कालवणापुरताही मासा आला नाही. ही तक्रार ज्या समजुतीवर उभी आहे, म्हणजे सफरीचे पैसे माशापोटी मोजले जातात, ती समजूतच चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे त्या होडीच्या कप्तानाचा दिवस नीट पाहिल्यावाचून कळत नाही.

किनाऱ्यालगतची मासेमारी म्हणजे खुल्या समुद्रात न जाता उपसागर, खाड्या, खारफुटीच्या कडा, कालवांचे थर आणि समुद्रगवताची उथळ मैदाने यांच्या आसऱ्याने राहणारे मासे धरणे होय. अशा सफरीवर पैसे घेऊन पाहुणे नेणाऱ्या कप्तानाला अमेरिकी तटरक्षक दलाचा परवाना लागतो, त्यासाठी 360 दिवसांचा पाण्यावरचा अनुभव दाखवावा लागतो, आणि त्याच्या सर्वांत प्राथमिक प्रकारात सहापेक्षा अधिक प्रवासी नेता येत नाहीत. मासेमारीचा परवाना होडीच्या नावे असल्याने पाहुण्यांना तो वेगळा काढावा लागत नाही.

पाहुणे धक्क्यावर येण्याच्या कितीतरी आधी, अंधारातच, कप्तानाचे काम सुरू झालेले असते. वारा आणि भरती-ओहोटीच्या वेळा पाहून झाल्यावर तो फटफटताना जिवंत आमिष धरायला निघतो. हे आमिष म्हणजे तारलीच्या कुळातील बोटभर लांबीचे चंदेरी मासे. पेलिकन पक्षी कुठे सूर मारतात यावरून त्यांचा थवा हेरायचा, भिजवलेला माशांचा भुगा टाकून त्यांना जवळ आणायचे, आणि कोकणात पाग म्हणतात तसे फेकजाळे खांद्यावरून असे फेकायचे की ते पूर्ण गोल उघडून पाण्यावर पडेल. मग हे मासे पाणी सतत खेळते ठेवणाऱ्या टाकीत जिवंत राखावे लागतात. मुंबईत उधाणाच्या वेळी पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, तर टँपाच्या उपसागरात हा फरक सहसा मीटरभराच्या आतच असतो. तरीही तेवढ्या चढ-उतारावर मासे खारफुटीच्या मुळांत शिरणार की गवताच्या कडेला खळग्यांत उतरणार हे ठरत असल्याने कप्तानाचा सगळा बेत पाण्याच्या वेळेवर आखलेला असतो. उथळात इंजिन चालवले तर पंख्याने समुद्रगवत मुळासकट उपटले जाते आणि तेथे वर्षानुवर्षे बोडके चर राहतात, म्हणून तो लांब काठीने होडी रेटतो, प्रवाहाच्या वरच्या अंगाला थांबतो, आमिष गळाला लावतो, आणि मगच गळाची काठी पाहुण्याच्या हातात देतो.

या कामाचे नेमके स्वरूप मराठी वाचकाला नाशिकच्या रामकुंडावरील तीर्थोपाध्यायाच्या उदाहरणाने सर्वांत चांगले समजू शकेल. उपाध्याय दर्भ, तीळ, पिंड, पळी-पंचपात्र अशी सगळी सिद्धता आधी करून ठेवतो, मंत्र तोच म्हणतो, कोणत्या क्षणी काय करायचे हेही तोच सांगतो, परंतु पाणी सोडणारा हात यजमानाचा असतो, आणि म्हणून कर्म यजमानाचे व त्याचे फळही यजमानाचेच मानले जाते. कप्तानही त्याच रीतीने स्वतः गळ न टाकता दिवसभर दुसऱ्याच्या हातून मासा धरवतो, आणि काठी वाकल्यावर तिला हिसका न देता नुसते फिरकीचे चाक फिरवत राहा, असे त्याने सांगितलेले पाहुण्याने ऐकले तरच आत वळलेल्या टोकाचा वर्तुळाकार गळ माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात बसतो. उपाध्यायांच्या चोपड्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे असतात. अनेक कप्तानांच्या वहीत तारीख, वारा, पाण्याचे तापमान आणि कोणत्या कडेला काय लागले याची नोंद असते, आणि ती वही हेच त्यांचे खरे भांडवल असते. दोघेही आपले ज्ञान दुसऱ्याच्या हातांना उसने देतात, आणि दोघांचीही दक्षिणा त्या ज्ञानाची असते.

धरलेला मासा सोडण्यामागे कप्तानाची लहर नसून राज्याच्या वन्यजीव आयोगाचे नियम असतात. येथील मानाचा मासा स्नूक हा रायगडच्या जिताड्याचा जवळचा सोयरा असून, जिताड्याप्रमाणेच तोही खाडीत वाढतो, आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि पुढे मादी होतो. त्यामुळे मोठे स्नूक बहुधा अंडी घालणाऱ्या माद्याच असतात. म्हणूनच या किनाऱ्यावर त्याला किमान आणि कमाल अशी दोन्ही मापे लावलेली आहेत, म्हणजे 28 ते 33 इंचांमधलाच स्नूक, तोही माणशी एकच, ठेवता येतो, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी व मे ते ऑगस्ट या काळात तोही नाही. घोळीच्या कुळातील रेडफिशसाठी ही मापे 18 आणि 27 इंच आहेत. सफरीवरील कप्तानाला स्वतःच्या नावाने यांपैकी एकही मासा ठेवता येत नाही. 2018 च्या लाल भरतीत, म्हणजे विषारी सूक्ष्म शैवालाच्या उद्रेकात, मासे मोठ्या संख्येने मेल्यानंतर हे मासे ठेवण्यावर काही काळ पूर्ण बंदी आली, तेव्हा ज्यांचे पोट याच माशांवर आहे अशा अनेक कप्तानांनी तिला पाठिंबा दिला. निव्वळ करमणुकीसाठी जिवाला गळ टोचणे योग्य नव्हे, हा आक्षेप येथे नोंदवलाच पाहिजे, कारण सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. छायाचित्रासाठी मासा जबड्याने उभा टांगून मिनिट-मिनिट हवेत धरणे तर कोणत्याही बाजूने समर्थनीय ठरत नाही. ओल्या हातांनी, आडवा, पोटाखाली आधार देऊन धरलेला मासा काही क्षणांत पाण्यात जावा, एवढे तरी पाहुण्याने पाळावे.

ज्यांना मासा खायचाच आहे त्यांनी ते आरक्षण करतानाच सांगावे, म्हणजे कप्तान तांबोशीच्या जातीतला खारफुटीतील स्नॅपर शोधील, जो दहा इंचांवर असल्यास माणशी पाचपर्यंत ठेवता येतो आणि ज्याचे तुकडे कप्तान बहुधा धक्क्यावरच करून देतो. सफरीची वेळ आपल्या सोयीने न मागता कप्तानाने पाण्याच्या हिशेबाने सुचवलेली घ्यावी; पाण्याखालचे दिसावे म्हणून चकाकी कापणारा चष्मा जवळ असावा; भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के बक्षिसी आधीच खर्चात धरावी; आणि न्याहारीसाठी केळी नेऊ नयेत, कारण होडीवर केळे अशुभ असते ही समजूत येथे अजूनही पुष्कळ कप्तान पाळतात.

हौशी मासेमारीच्या या व्यवस्थेची किंमत मात्र दुसऱ्या कोणीतरी मोजली आहे. नोव्हेंबर 1994 मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून किनाऱ्यालगतच्या पाण्यात मासे अडकवणाऱ्या जाळ्यांवर बंदी घातली, ती जुलै 1995 पासून अमलात आली, आणि उपसागराच्या दक्षिणेला असलेल्या कोर्टेझ या जुन्या कोळीवाड्यातील, बोय माशावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या कुटुंबांचा मुख्य धंदा मोडला. माशांना त्या बंदीचा लाभ झाला असे तिचे समर्थक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. तरी हौशी गळवाल्यांच्या संख्याबळाने पोटार्थी जाळेवाल्यांना हरवले, हेही तितकेच खरे आहे, आणि समुद्राकाठच्या समाजाला हा अन्याय ओळखायला वेळ लागू नये. कोर्टेझमध्ये अजूनही फेकजाळ्याने बोय धरली जाते आणि हिवाळ्याच्या तोंडाशी ती गाबोळीसकट मिळते. स्नूक विकण्यास राज्यात मुळातच मनाई आहे; तेव्हा तो कप्तानाच्या सल्ल्याने सोडून द्यावा, आणि कालवणासाठी कोर्टेझच्या धक्क्यावर जाऊन, कोळ्यांना त्यांच्या श्रमाचे दाम देऊन, बोय विकत आणावी.