सोयरिकीचा कायदा

मुलांनी राज्ये कल्पावीत ही गोष्ट नवी नाही. यॉर्कशायरातील हॉवर्थ या गावी 1826 साली एका धर्मोपदेशकाने आपल्या मुलासाठी लाकडी शिपायांचा संच आणला, आणि त्या शिपायांच्या निमित्ताने ब्रॉन्टे भावंडांनी जी नगरे वसविली, जे सरदार चढविले आणि उतरविले, जे राजद्रोह घडविले, त्यांचे दप्तर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत वर्षानुवर्षे वाढत राहिले. आमच्या भाच्याने व त्याच्या मित्रांनीही असेच एक खंड निर्माण केले आहे. त्यांत निरनिराळे लोक आहेत, त्यांचे झेंडे आहेत, पर्वतांवरून व मिठाच्या खाणींवरून त्यांची पिढीजाद वैरे आहेत. नकाशा पाहून मी एवढेच विचारले की, या लोकांत मुलगी कुणाच्या घरी देतात आणि कुणाच्या घरी देत नाहीत? मंडळी हसली. लढायांच्या तारखा त्यांना पाठ होत्या. सोयरिकीचा प्रश्न मात्र कुणाच्या मनातही आला नव्हता.

युद्ध कल्पिण्यास फारशी प्रतिभा लागत नाही, असे माझे मत आहे. दोन जमाती, मधे एक नदी आणि जुना अपमान, एवढ्या भांडवलावर शंभर पृष्ठे सहज निघतात. परंतु ज्यायोगे एक मनुष्य दुसऱ्या अनोळखी मनुष्याकडे पाहून हा आपला भाऊ की आपला सोयरा हे क्षणात ठरवू शकेल, आणि त्या निर्णयाप्रमाणे आपले अन्न, आपली मुलगी व आपला शोक यांची विभागणी करू शकेल, अशी व्यवस्था कल्पिणे हे एकट्यादुकट्या लेखकाचे काम नव्हे. ती कल्पिलेली मी जर कुठे पाहिली असेल, तर ती आदिलाबादच्या डोंगराळ मुलखात, राजगोंडांच्या देवकार्यात.

गोंडांचे देव, अशी ती कथा आहे, एका गुहेत कोंडले गेले होते. पहांडी कुपार लिंगाल याने जंगूबाई या देवीच्या साहाय्याने त्यांची सुटका केली, त्यांना शेती व अग्नी यांचा उपयोग शिकविला, आणि मग त्यांची वाटणी केली: सात भावांचा एक गट, सहांचा एक, पाचांचा एक आणि चारांचा एक. या गटास गोंडीत सगा म्हणतात; वऱ्हाड-चांद्याकडचा मराठी बोलणारा गोंड सातदेवे, सहादेवे, पाचदेवे, चारदेवे असे म्हणतो. मेस्राम हे सातदेवे. आता सातदेव्याने सातदेव्याची मुलगी करावयाची नाही, मग आडनाव निराळे असो, गाव शेकडो कोसांवर असो, दोन्ही घराण्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसो. पाहुणा आला की त्याचे देव किती हे आधी कळावे लागते. त्यावाचून त्याच्याशी थट्टा करावी की त्याचा मान ठेवावा हेही ठरत नाही.

हे सारे सांगतो कोण? गोंड नव्हे; सांगतो त्यांचा भाट, परधान. त्याच्या हाती तीन तारांची किंगरी असते, ती मांडीशी टेकवून तो गज ओढतो, दोन-चार ओळी म्हणतो, थांबतो, आणि त्याचा साथीदार शेवटचे शब्द उचलून धरतो. पौषातल्या थंडीत, घोंगड्या पांघरून बसलेल्या मंडळींपुढे हे रात्रभर चालते. अर्धेअधिक लोक पेंगत असतात, मात्र एखाद्या कुळाचे नाव मागेपुढे झाले की कोपऱ्यातून कुणी म्हातारा डोळे न उघडताच ते दुरुस्त करतो. कथेची मालकी यजमानाची, परंतु ती त्याला गाता येत नाही; परधानाला ती मुखोद्गत, परंतु ती त्याची नव्हे, तो केवळ तिचा मुखत्यार. यजमानाकडून धान्य, गुरे, वस्त्रे घेण्याचा त्याचा हक्क वंशपरंपरेचा असतो. आणि यांतली खरी मौज अशी की, आदिलाबादचा हा परधान आपल्या घरी मराठी बोलतो. ज्या भाषेत तो लेकराला जेवू घालतो ती निराळी, आणि ज्या भाषेत देवांना गुहेतून बाहेर काढतो ती निराळी.

या सृष्टीस कल्पित म्हणण्याचा मला अधिकार आहे काय, हा प्रश्न रास्त आहे. आदिलाबादेतील केसलापूरला पौष अमावास्येच्या मध्यरात्री नागोबाची महापूजा होते; तिच्यासाठी मेस्राम मंडळी अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, आणि कुळात नव्याने आलेल्या सुना शुभ्र वस्त्र पांघरून देवाच्या भेटीस उभ्या केल्या जातात, कारण ती भेट झाल्यावाचून सून पुरतेपणी कुळाची होत नाही. त्या सुनेला जाऊन कुणी सांगावे की हे सारे कविकल्पना आहे! मी कल्पित म्हणतो ते खोटे या अर्थी नव्हे, तर पिढ्यांनी मिळून घडविलेले या अर्थी. आणि घडविणाऱ्यांनी स्वतःला त्याच कायद्याखाली ठेवले, हे तर कुठल्याही कादंबरीकाराने केलेले नाही.

शिवाय ज्या सृष्टीचे कर्ते अनेक, तिच्यात विसंगती असावयाचीच. गोंदिया जिल्ह्यातील गोंड यात्रेकरू माघ पौर्णिमेला कचारगडावर जमतात, आणि देव याच गुहेतून निघाले असे मानतात. आदिलाबादकडचे लोक जंगूबाईच्या गुहेत जातात. दोन्ही गुहांवरून कुणी फिर्याद केल्याचे मी ऐकले नाही. भांडण लागले ते कागद आल्यावर. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाकडून उतरवून घेतलेले लिंगोचे, म्हणजे लिंगालाचेच, गीत त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 साली, रिचर्ड टेंपल यांनी छापले. त्यात महादेव-पार्वती आहेत. ही भर कुणाची, मूळ शंभू निराळा की काय, यावर गोंडी अभ्यासकांत पुढे पुष्कळ खल झाला, आणि नागपूरच्या मोतीरावण कंगाली यांनी तर लिंगोकडे एका स्वतंत्र धर्माचा प्रवर्तक म्हणून पाहिले. परधानाच्या मुखी जी गोष्ट रात्रीगणिक थोडी बदलत होती, ती छापील पानावर अडली. अशा वादांना मी ऱ्हास समजत नाही. लोक भांडत आहेत तोवर सृष्टी चालू आहे, इतकेच.

नव्या माणसांना तिच्यात जागा मिळते ती मात्र सनदेने नव्हे. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धामुळे निजामाच्या हद्दीत अडकून पडले, पत्नी बेटीसह मारलावाई या गोंड खेड्यात राहिले, तेथे गोंड शिक्षक तयार केले, गोंडीची क्रमिक पुस्तके देवनागरीत काढविली, आणि 1948 साली आदिलाबादच्या राजगोंडांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला; आज मारलावाईत त्या दांपत्याची समाधी आहे. जल, जंगल, जमीन यांसाठी निजामाच्या अंमलदारांशी झगडताना जोडेघाटच्या डोंगरात 1940 साली मारले गेलेले कुमराम भीम यांची पुण्यतिथी सरकारी पंचांगातील तारखेने नव्हे, आश्विन पौर्णिमेच्या तिथीने पाळतात. ज्याची आठवण तिथीने निघते तो इतिहासातून उठून दैवतांच्या पंक्तीला बसू लागला, असे मला वाटते.

उलट सरकारने केलेल्या वाटण्या पाहाव्यात. 1956 साली राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ आदिलाबादेतून काढून मुंबई राज्यास जोडले गेले. तेलंगणातील केरामेरी आणि महाराष्ट्रातील जिवती यांच्या दरम्यानची काही गावे तर अद्याप दोन्ही राज्यांच्या दाव्याखाली आहेत. तेथील माणसांजवळ दोन रेशनकार्डे असतात, गावात मराठी शाळा असते आणि तेलुगूही. जंगूबाईची गुहा ज्या महाराजगुड्याजवळ आहे, ते गावही याच वादातले. सरहद्दीचा निवाडा इतक्या वर्षांत झालेला नाही, आणि लिंगालाने केलेली चार गटांची वाटणी त्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस वरमाय आणि वधूपिता यांच्यात आजही जशीच्या तशी लागू आहे.

मराठी वाचकाला या बाबतीत एक सोय आहे, जी ना हिस्लॉपना होती ना हायमेनडॉर्फना. परधान आपल्याशी आपल्याच भाषेत बोलतो. मग त्याच्या मुखातील कथा प्रथम इंग्रजीत छापली जावी, आणि आम्ही मात्र दूरदेशीच्या कल्पित राज्यांचे नकाशे भिंतीला लावावेत, हे काही भूषणावह नव्हे. साहित्यसंमेलने, ग्रंथोत्सव, महाविद्यालये यांच्या चालकांना माझी विनंती आहे की त्यांनी किंगरीवाल्या परधानास आग्रहाने बोलवावे, दहा मिनिटांच्या लोककला-दर्शनासाठी नव्हे, तर पूर्ण रात्रीसाठी. आणि त्याच्या गोंड यजमानांनी त्याचा हक्क पिढ्यान् पिढ्या धान्य-गुरांनी चुकता केला आहे हे ध्यानात ठेवून, निदान मानधन आणि प्रवासखर्च त्याच दिवशी द्यावा.