मूळ रेकॉर्ड नसलेली धून

बिक्स बायडरबेक हे नाव जॅझ ऐकणाऱ्यांना ठाऊक असतं ते त्याच्या कॉर्नेटमुळे. मी मात्र त्याच्यापर्यंत पियानोच्या वाटेनं पोचले. १९०३ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यात, मिसिसिपीकाठच्या डॅव्हनपोर्टला जन्मलेला हा मुलगा रेकॉर्डी ऐकून ऐकून कॉर्नेट शिकला, नावाजला, दारूनं खंगला आणि ऑगस्ट १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वारला. वय अवघं अठ्ठावीस. मागे पियानोसाठी चार लहान रचना राहिल्या : 'इन अ मिस्ट', 'कँडललाइट्स', 'फ्लॅशेस' आणि 'इन द डार्क'. यातली पहिली तेवढी त्यानं स्वतः वाजवून रेकॉर्ड केली, सप्टेंबर १९२७ मध्ये, ओके कंपनीसाठी. बाकीच्या तिन्ही त्याच्या हातून कशा वाजत असतील, ते आता कुणालाच ऐकता येणार नाही.

त्या तिघींतली 'कँडललाइट्स' माझी सर्वांत लाडकी. गेल्या पावसाळ्यात ठाण्याच्या आमच्या घरी मी ती चार माणसांना बोलावून वाजवली आणि फोनवर रेकॉर्ड करून आणखी काहींना पाठवली. ती ऐकवायची ओढ मला फार दिवसांपासून होती. भीमसेन जोशींची किंवा मन्सूरांची एखादी चीज आवडली तर आपण 'हे ऐक' म्हणून रेकॉर्ड पुढे करतो. इथे कर्त्याची रेकॉर्डच नाही. पुढे इतरांनी ही धून वाजवली, ट्रंपेटवादक बनी बेरिगननं १९३८ मध्ये आपल्या वादकांसह ती रेकॉर्डही केली, पण त्यात बिक्सची बोटं नाहीत. ही धून कुणाला द्यायची तर स्वतः बसून वाजवून दाखवणं मला जास्त खरं वाटतं.

आपल्या हातात ती आहे ती बिल चॅलिसमुळे. पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदात बिक्स कॉर्नेट वाजवायचा आणि चॅलिस तिथे अरेंजर होता. बिक्सला नोटेशन जेमतेम वाचता यायचं, पियानोचं लिहिणं तर लांबच. मग चॅलिस त्याला पियानोशी बसवून वाजवायला सांगायचा आणि कागदावर उतरवून घ्यायचा. पंचाईत अशी, की बिक्स तीच जागा दर वेळी निराळी वाजवायचा. त्या अनेक वाजवण्यांतून चॅलिसनं एक पाठ कायम केला आणि १९३० मध्ये 'कँडललाइट्स' छापून आली. चॅलिसचं नाव कमी घेतलं जातं याचं मला वाईट वाटतं. भातखंड्यांनी उस्तादांकडून मिळवून चीजा लिहून ठेवल्या त्याच जातीचं हे काम आहे, आणि ते मित्राच्या हयातीत, त्याला समोर बसवून केलेलं आहे.

त्या संध्याकाळी आलेल्यांत माझे मामा होते. त्यांचं आयुष्य पेटीच्या साथीत गेलं. नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं. जॅझ त्यांच्या कानावर होतं ते सी. रामचंद्रांच्या गाण्यांतून. 'अलबेला'च्या वेळी त्यांच्या साथीला ट्रंपेट घेऊन गोव्याचा चिक चॉकलेट होता, हे मामांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. मी आधी 'इन अ मिस्ट'चे काही तुकडे वाजवले. मामा ताठ बसले.

"अगं, थांब. ह्याचा षड्ज कुठला धरू?"

या प्रश्नाचीच मी वाट पाहत होते. म्हटलं, पेटी काढा. मी स्वर सांगत गेले, ते दाबत गेले : सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि आणि वरचा सा. प्रत्येक पायरी सारखीच, पूर्ण स्वराची. अर्धस्वराचं अंतर कुठेच नाही.

"पंचम नाही. शुद्ध मध्यमही नाही. मग तानपुऱ्याची पहिली तार लावायची कशात?"

"आता रे हाच सा धरा आणि तेच स्वर वाजवा."

त्यांनी वाजवलं. मग ग हा सा धरून वाजवलं. दर वेळी तीच अंतरं. मूर्च्छना बदलली की राग बदलतो, हे ज्यांच्या हाडीमाशी खिळलंय त्यांना मूर्च्छना बदलूनही काहीच बदलत नाही अशी स्वरावली सापडली होती. फ्रेंच संगीतकार देब्युसीनं ही स्वरावली फार वापरली. बिक्स देब्युसीचा भक्त. डान्सच्या बँडमध्ये रात्र काढायची आणि मिळेल त्या पियानोवर हे स्वर शोधत बसायचं, असं त्याचं चाले.

मग नाइन्थ कॉर्ड दाखवला. सा, ग, प, कोमल नि आणि वरचा रे, पाचही एकदम. पियानोवर माझा हात त्यासाठी पुरता ताणला जातो. पेटीच्या पट्ट्या अरुंद, त्यामुळे मामांची पाच बोटं पाच पट्ट्यांवर नीट बसली. भाता मारला आणि खोलीभर तो आवाज उभा राहिला. "आता सगळा पंजा तसाच उचला आणि अर्धा स्वर खाली ठेवा. पुन्हा खाली." साथीला बसलेला माणूस असं कधी करणार नाही, सूर असा सगळाच्या सगळा घसरवणं म्हणजे गायकाच्या पायाखालची सतरंजी ओढणं. मामांनी ते पुन्हा पुन्हा केलं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू म्हणाल्या, "हे ऐकताना जिना उतरल्यासारखं पोटात हलतं."

त्यानंतर 'कँडललाइट्स'. पंखा बंद केला, कारण फोनच्या माइकमध्ये वारा घोंघावतो. फोन पियानोवर न ठेवता मामांच्या शेजारच्या स्टुलावर ठेवला. फोन जवळ ठेवला की तो मोठे स्वर आपणहून दाबतो, आणि सगळं एका पातळीवर येतं. या धुनेचा तर निम्मा जीव मंद आणि ठळक यांच्या फरकात आहे. ऐकणाऱ्याला जसं ऐकू येतं तसंच फोनलाही ऐकू यावं, एवढंच पाहिलं.

लयीबद्दल माझं मत ठाम आहे. नाव मेणबत्त्यांचं म्हणून पुष्कळजण ही धून फार संथ वाजवतात, पेडल दाबून धरतात, धुरकट करतात. मला ते पटत नाही. बिक्स रोज नाचणाऱ्यांसमोर वाजवत होता. उजव्या हातातली सुरावट कितीही स्वप्नाळू असली तरी डाव्या हाताखाली चालती पावलं हवीतच. पेडल मी कॉर्डगणिक सोडते. मग आतले स्वर वेगवेगळे ऐकू येतात आणि एखादा स्वर पुढच्या कॉर्डात अर्ध्या स्वरानं कसा सरकतो तेही कळतं. त्या सरकण्यासाठीच तर ही धून वाजवायची!

वाजवून झाल्यावर कुणी लगेच काही बोललं नाही. मग काकूंनी पुन्हा वाजवायला सांगितलं, आणि दुसऱ्यांदा ती अधिक मोकळी आली. पाठवली ती हीच.

पहिलं उत्तर मडगावहून माझ्या सरांचं आलं. माहीमला असताना त्यांनी मला शिकवलं, आता ते गोव्यात परतलेत. त्यांनी बोलूनच निरोप पाठवला : "बाय, छान. पण डावा हात अजून हलका कर. तुझे लोक खुर्चीत बसलेत, बिक्सचे उभे होते." त्यांच्यापुढे माझी लयसुद्धा संथच ठरली! यावर आमचा अजून वाद चालू आहे. ते म्हणतात तितक्या चालीत वाजवलं की मधल्या भागातले कॉर्ड कानात मुरायच्या आत निघून जातात, असं मला वाटतं. त्यांचं म्हणणं, ते तसेच निघून जायला हवेत.

मामांनी रेकॉर्डिंग मागून घेतलं आणि मधल्या भागाची सुरावट पेटीवर बसवायला घेतली. परवा ऐकवली. लांबलेल्या स्वरांवर येताना ते वरच्या स्वराचा हलका कण देतात. चॅलिसच्या प्रतीत तो नाही. डावा हात मी सांभाळते, सरांच्या सांगण्यापेक्षा थोडा संथ, आणि तो कण तसाच ठेवायचा असं आमचं ठरलं आहे.