कोतवाल बुकापासून निर्वासितांच्या धोरणापर्यंत

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावात राज्यशास्त्र शिकवताना नागरिकत्व, स्थलांतर आणि निर्वासित हा विषय मी कोतवाल बुकापासून सुरू करतो. १९५१ चा जिनिव्हा करार, संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त, अमेरिकेची सीमा हे सगळे नंतर येते. आधी मुलांनी आपल्या आजोबांच्या जन्माची नोंद कुठे सापडते ते पाहायचे असते. वऱ्हाडात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवालाच्या वहीत होत. जातीच्या दाखल्यासाठी तिची नक्कल काढायला लोक आजही तहसीलच्या पायऱ्या चढतात. तिथे नाव नसेल तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा शोधायचा, आणि शाळेचे तोंडच न पाहिलेल्या आजीला तर तोही आधार नाही. निर्वासितांचे धोरण शिकवायचे ते कागद, तारीख आणि ती तारीख ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यांतून शिकवावे, असे माझे ठाम मत आहे. नुसत्या दुःखाच्या कहाण्या सांगितल्या तर मूल हळहळते, नुसत्या घुसखोरीच्या बातम्या वाचून दाखवल्या तर चिडते. दोन्ही वेळा धोरण हा माणसांनी घेतलेला आणि माणसांना बदलता येणारा निर्णय आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानात यायची राहून जाते.

जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचेच पाहा. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेल्याला, परकीय राजदूतांच्या मुलांसारखे अपवाद सोडले, तर इथला जन्म पुरतो. आईवडील कोण, हे कायदा विचारत नाही. १ जुलै १९८७ पासून पुढे आईवडिलांपैकी एक जण भारतीय असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्याचे दोघेही भारतीय असावे लागतात, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. आज अकरावी-बारावीच्या बाकावर बसणारी मुले तिसऱ्या नियमाखाली येतात, त्यांचे आईवडील पहिल्या किंवा दुसऱ्या, आणि १९५० च्या आधी जन्मलेले पणजोबा थेट राज्यघटनेच्या पाचव्या कलमाखाली. एका छपराखालची माणसे वेगवेगळ्या नियमांनी भारतीय ठरतात. हे समजले की पुढचा प्रश्न मुलांना सुचवावा लागत नाही: नियम का बदलला? मग आसामचे आंदोलन, १९८५ चा आसाम करार, १९८६ ची दुरुस्ती, २००३ ची दुरुस्ती हा क्रम सांगता येतो. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या लोकांची जमीन आणि भाषा हातून जाण्याची भीती नांदगावच्या मुलाच्या जन्मदाखल्यापर्यंत कशी पोचली, हे त्याला दिसते. एकट्या जन्मदाखल्याने आपले नागरिकत्व पूर्ण सिद्ध होत नाही, आईवडिलांचाही पुरावा लागतो, हे बहुतेक मुलांच्या घरी कुणाला माहीत नसते.

कागदानंतर वस्त्या. अमरावतीला कॉलेजसाठी, दवाखान्यासाठी, बाजारासाठी जाणाऱ्यांना रामपुरी कॅम्प आणि कंवरनगर ओळखीचे असतात. अकोल्यात सिंधी कॅम्प आहे. फाळणीत पंजाब आणि बंगाल विभागले गेले, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी माणसाला आपल्या प्रांताचा इकडचा तुकडा उरलाच नाही. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उभी राहिलेली छावणी ८ ऑगस्ट १९४९ ला उल्हासनगर झाली, आणि वऱ्हाडातल्या शहरांतही कॅम्प वसले. घटनेच्या सहाव्या कलमाने त्यांच्यासाठी एक तारीख ठरवली, १९ जुलै १९४८. त्याआधी आलेला आणि इथेच राहिलेला माणूस सरळ नागरिक झाला. त्यानंतर आलेल्याने सहा महिने इथे राहून अधिकाऱ्याकडे नोंद करायची. पुढे १९५४ च्या कायद्याने नुकसानभरपाईची व्यवस्था लावली. तिच्यात पाकिस्तानात निघून गेलेल्या मुसलमानांची मागे राहिलेली घरेदारेही वापरली गेली. म्हणजे एका विस्थापिताच्या घरातून दुसऱ्याची भरपाई झाली. हा भाग मी कधीही गाळत नाही, कारण पुनर्वसनाची किंमत कुणीतरी मोजलेली असते हे इथे सर्वांत स्पष्ट दिसते. पूर्व विदर्भात ते आणखी उघड आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना साठच्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, आजच्या गडचिरोलीतल्या मुलचेरा-चामोर्शी भागात, जंगल तोडून जमिनी दिल्या गेल्या. ते जंगल गोंड-माडियांच्या वहिवाटीचे होते. त्यांना कुणी विचारले, असे मला कुठल्या कागदात दिसलेले नाही. आणि आलेल्यांतले नमःशूद्र पश्चिम बंगालात अनुसूचित जातीत मोडतात, महाराष्ट्राच्या यादीत त्यांचे नाव नाही. जमीन मिळाली, सवलत हुकली. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटरांची दुकाने मांडणारे तिबेटी आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेले असतात, पण त्यांच्या खिशात नोंदणी प्रमाणपत्र असते आणि ते वेळोवेळी नूतन करून घ्यावे लागते, हे फार थोड्यांना ठाऊक. त्यांच्यातल्या १९५० ते १९८७ या काळात इथे जन्मलेल्यांना कायद्याने नागरिकत्वाचा हक्क आहे, तरी तो मान्य व्हायला दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

या वस्त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट लपत नाही. घर सुटल्याचे दुःख मोजायची काही फूटपट्टी असती, तरी तिच्यावरून यातल्या कुणाचे भवितव्य ठरलेले नाही. केव्हा आलात, कुठून आलात आणि तेव्हाच्या सरकारला तुम्ही कोण वाटलात, यावर ते ठरले. भारताने १९५१ च्या करारावर आणि १९६७ च्या पुरवणी करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी देशाचा स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांची नोंद सरकार स्वतः ठेवते. अफगाण किंवा म्यानमारच्या माणसाला दिल्लीत उच्चायुक्तांच्या कार्यालयाकडे जावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की सिंधी आणि बंगाली हे आपलेच होते, अखंड भारताचे रहिवासी होते. त्यांची तुलना परक्यांशी का करता? आक्षेपात तथ्य आहे. घटनाकारांनी सहावे कलम लिहिले ते याच जाणिवेने, आणि फाळणीच्या निर्णयाचे ओझे ज्यांच्यावर पडले त्यांची जबाबदारी देशावर होतीच. पण तेवढ्याने तिबेटींचे उत्तर मिळत नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचेही मिळत नाही. सोव्हिएत रशियातल्या छळातून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे ५ हजार पोलिश लोक तिथे १९४३ ते १९४८ राहिले. त्यांच्याशी ना रक्ताचे नाते, ना भाषेचे, ना धर्माचे. युद्ध संपल्यावर ते बहुतेक पुढे निघून गेले, आणि आजही त्यांचे वारस कोल्हापूरला येतात. आपलेपणा हे आसरा देण्याचे एक कारण झाले. आपल्याच महाराष्ट्रात दुसरी कारणेही चाललेली आहेत.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार असतो: हा राजकारणाचा विषय, शिक्षकाने त्यात पडू नये. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीचे नाव काढले की हा आक्षेप हमखास येतो. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना बेकायदा स्थलांतरित न मानता नागरिकत्वाची वाट मोकळी करणारा हा कायदा. त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. बाजूने सांगितले जाते की या देशांत धर्माला राज्याचे पाठबळ आहे, तिथल्या अल्पसंख्याकांना दुसरा आसरा नाही, आणि समानतेच्या तत्त्वात वाजवी वर्गीकरण बसते. विरोधात सांगितले जाते की पाकिस्तानातला अहमदिया, अफगाणिस्तानातला हजारा आणि श्रीलंकेचा तमिळ यांचा छळही खरा आहे, आणि धर्मावरून केलेले वर्गीकरण चौदाव्या कलमाशी जुळत नाही. दोन्ही बाजू पूर्ण ताकदीने मांडाव्या लागतात. माझे स्वतःचे मत छळाची कसोटी धर्माच्या यादीपेक्षा न्याय्य आहे असे आहे, आणि विचारले तर मी ते सांगतो. पण गुण मताला देत नाही. उलट मत असलेल्या मुलाने कलम आणि तारीख नीट वापरली तर त्याचे उत्तर माझ्या मताची नुसती री ओढणाऱ्यापेक्षा चांगले ठरते. वर्गात गप्प राहिल्याने विषय मुलांपासून दूर राहत नाही. तो मोबाईलवरून येतो, आणि तिथे कलम नसते.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा. घुसखोरी होते, खोटे कागद बनतात, दलाल असतात. हे नाकारणारा शिक्षक मुलांना फसवतो. सीमा राखणे आणि कोण आत यावे हे ठरवणे हा राज्याचा अधिकारच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात हेच सांगितले: चौदावे आणि एकविसावे कलम प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, पण देशात राहण्या-स्थायिक होण्याचा हक्क फक्त नागरिकाला. त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमांच्या बाबतीत राज्याला त्यांच्या जिवाचे रक्षण करायला बजावले होते. दोन्ही निकाल एकत्र वाचायला दिले पाहिजेत. आणि इथे आपल्याच जिल्ह्याचे ताजे उदाहरण आहे. उशिरा केलेल्या जन्मनोंदींचे दाखले देण्याचा अधिकार २०२३ च्या दुरुस्तीने न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसुली अधिकाऱ्यांकडे आला. बांगलादेशी लोक असे दाखले मिळवतात अशा तक्रारींवरून २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने हे काम थांबवले, चौकशी लावली, आणि अमरावती-अकोल्याचे दाखलेही तपासणीत आले. तपासणी चूक होती असे मी म्हणणार नाही. पण उशिराची नोंद करणारा माणूस कोण असतो? घरी बाळंत झालेल्या बाईचे मूल, पालावरचे भटके, ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणारे, मेळघाटातून कामाला उतरणारे कोरकू. परकीयांसंबंधीच्या आपल्या कायद्यात मी परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच असते. अशा कायद्यात पडताळणीची चाळणी जितकी बारीक, तितकी ती कागद नसलेल्या स्वदेशी गरिबालाही अडवणार. सुरक्षेचा विचार पूर्ण करायचा तर हा हिशेबही त्यातच धरावा लागतो.

नांदगावला याचे काय, असेही विचारतात. सोयाबीन-कपाशीच्या भावाने मेटाकुटीला आलेल्या घरातला मुलगा आज पुण्याला जातो, उद्या आखातात जाईल. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट असते, आणि सौदी, कतार, ओमान, अमिराती यांसह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते. ही माहिती मुलाला एजंटाच्या आधी शाळेत मिळाली पाहिजे. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठवलेल्या १०४ भारतीयांत तिघे महाराष्ट्राचे होते. त्या विमानात घातल्या तशा बेड्या इतर देशांनी आपल्या माणसाला घालू नयेत असे वाटणाऱ्याने आपला कायदा परक्याशी कसा वागतो हे वाचलेले असावे.

१ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांसंबंधीचे चार जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा २०२५ आला. त्याच दिवशीच्या सूट-आदेशात २०१९ च्या दुरुस्तीतल्याच तीन देशांतल्या सहा समाजांसाठी ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे. वर्तमानपत्र वाचून आलेली मुले ती नागरिकत्वाचीच नवी तारीख समजतात. ती तशी नाही. कागदाविना आल्याबद्दल कारवाई होणार नाही, एवढाच तिचा अर्थ. नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच राहते. मधल्या दहा वर्षांत आलेला माणूस हाकलला जाणार नाही, पण या वाटेने नागरिकही होणार नाही. त्याचे मूल इथे जन्मले तर ते कोण, हा प्रश्न यंदा मी बारावीला घातला आहे. उत्तरासाठी २००४ चा नियम, २०१९ ची दुरुस्ती आणि हा आदेश असे तीन कागद समोर ठेवावे लागतात.