थोल, तोल आणि सोसणं

इंग्रजीत ‘थोल’ नावाचं एक क्रियापद आहे. आपल्या शाळा-कॉलेजांत ते कुणी शिकवत नाही. लंडनमधल्या माणसालाही ते कदाचित शब्दकोशात बघावं लागेल. स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडच्या उत्तरेला, म्हणजे अल्स्टरमध्ये, ते बोलीत टिकून राहिलं. अर्थ साधा आहे : सोसणं. दुखणं थोलता येतं, थंडी थोलता येते. एखादा माणूस थोलवत नाही असंही स्कॉट लोक म्हणतात. आपण ‘तो मला सहनच होत नाही’ म्हणतो, तसंच. स्कॉटलंडच्या कायद्यातही हा शब्द आहे. एखाद्याचा खटला एकदा चालून निकाल लागला, की त्याने आपला खटला ‘थोलला’ असं म्हणतात आणि त्याच गुन्ह्यासाठी त्याला सहसा पुन्हा उभं करता येत नाही. एकदा सोसलेलं पुन्हा सोसायला लावू नये, इतकी माया त्या कोरड्या कायद्याच्या भाषेत आहे.

मला हा शब्द भेटला शेमस हीनी यांच्या ‘बेओवुल्फ’च्या प्रस्तावनेत. या जुन्या इंग्रजी महाकाव्याचा त्यांचा अनुवाद 1999 साली आला. हीनी डेरी परगण्यातल्या शेतकरी कॅथलिक घरातले. जिंकणाऱ्यांची भाषा इंग्रजी, गमावलेली भाषा आयरिश, आणि आपण मधल्या मधे, हा पेच त्यांना तरुणपणापासून होता. बेओवुल्फच्या शब्दसूचीत त्यांना ‘थोलियन’ हे क्रियापद दिसलं. आता वापरातून गेलेल्या थॉर्न नावाच्या अक्षराने सुरू होणारा हा शब्द आधी परका वाटला. मग लक्षात आलं की हा तर घरातला शब्द. गावाकडची, फारसं न शिकलेली वडीलधारी माणसं तो सहज बोलायची. एखाद्या घरात अवचित मृत्यू झाला, की त्यांची एक नातेवाईक म्हणायची, त्यांना आता थोलायला शिकावं लागेल. इंग्रजीत ती नुसती ‘आँट’ आहे. मराठीत आत्या की मावशी ते ठरवावं लागतं. मी तिला मनातल्या मनात आत्या म्हणते.

शब्दाचा प्रवास हीनींनी मांडला आहे. जुन्या इंग्रजीतून तो उत्तरेला स्कॉटलंडमध्ये गेला. सतराव्या शतकात आयरिश लोकांच्या जमिनींवर स्कॉटलंड-इंग्लंडमधले वसाहतकरी आणून बसवले गेले, त्यांच्याबरोबर तो अल्स्टरला आला. मग ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याही तोंडी बसला. म्हणजे सोसायला लावणाऱ्यांनी आणलेला शब्द सोसणाऱ्यांनी आपल्या दुःखासाठी वापरला. त्यानंतर इंग्रजी ही केवळ दुसऱ्यांची भाषा आहे, असं मानण्याची हीनींना गरज उरली नाही.

मराठी माणसाला हे समजायला लांब जायला नको. सतराव्या शतकातच शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणं हा त्याचा हेतू. त्यातले काही रुळले, काही कागदावर राहिले. पण दुःखात धीर देणारे शब्द बदलायला कुणी बसलं नाही. ‘जरा गम खा’ म्हणणाऱ्या म्हातारीला ‘गम’ अरबी आहे हे ठाऊक नसतं. शिर्डीच्या साईबाबांच्या तसबिरीखाली संस्कृत ‘श्रद्धा’ आणि अरबी ‘सब्र’मधून आलेली ‘सबुरी’ शेजारी-शेजारी बसतात. तिथे हात जोडणाऱ्या कुणालाही त्यातला एक शब्द परका वाटत नाही.

‘थोल’चं मूळ शोधताना मात्र मी चकित झाले. भाषाशास्त्रज्ञ ते ज्या आदिधातूपर्यंत नेतात, त्याचा अर्थ उचलणं, पेलणं. त्याच धातूपासून लॅटिनमधून आलेला इंग्रजी ‘टॉलरेट’, जर्मन ‘दुल्डन’, आणि आपली संस्कृत ‘तुला’. म्हणजे तोल, तोलणं, तुलना, अतुल, सोन्याचा तोळा, सगळी ‘थोल’ची भावंडं. आपल्याकडे हा धातू तराजूत जाऊन बसला. बंगालीत मात्र ‘तोला’ म्हणजे आजही उचलणं. हीनींच्या आत्याच्या तोंडचं क्रियापद आणि आपल्या सराफाच्या काट्यावरचा शब्द एका घरातले.

यामुळे सोसण्याचं चित्रच माझ्यासाठी बदललं. सोसणं म्हटलं की आपल्यासमोर मान खाली घातलेली, ओठ मिटलेली बाई उभी राहते. ‘सोशिक’ हे विशेषण आपण बायकांना पदकासारखं दिलं आहे. पण ‘थोल’च्या मुळाशी गप्प राहणं नाही, ओझं उचलणं आहे. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणाऱ्या बाईला त्याचं वजन किती ते नेमकं माहीत असतं. ती तोल सांभाळते, अंतर जोखते, मधे थांबते, हंडा उतरवायला कुणाला तरी हाक मारते. वजन पेलणाऱ्याने वजन आहे असं म्हणू नये, असा नियम कुठल्याही हमालाने केलेला नाही.

तरीही ‘थोल’ मराठीत आणायचा तर कुठला शब्द घ्यावा? ‘सहन करणं’ अर्जातलं वाटतं. ‘भोगणं’ म्हटलं की नशीब आलं. ‘कळ काढ’ जवळचं आहे, पण ते थोड्या वेळापुरतं, आणि कळ काढणं म्हणजे भांडण उकरणंही. उरतं ‘सोसणं’. मात्र त्यातल्या ‘सोस’चा दुसरा अर्थ हव्यास. दागिन्यांचा सोस असतो, तसा काही घरांना बाईच्या सोसण्याचाही सोस असतो.

माझे वडील गेले तेव्हा घर दहा-बारा दिवस माणसांनी भरलेलं होतं. येणारी प्रत्येक बाई आईचा हात धरून म्हणायची, “आता सोसायलाच हवं, वहिनी.” वाईट हेतू कुणाचाच नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी आई अचानक मोठ्याने म्हणाली, “मला हे सोसवत नाही.” खोली गप्प झाली. मावशी तिच्याजवळ सरकली आणि म्हणाली, “नसेल सोसवत तर नको सोसूस. दोन घास खा.” शेजारून पिठलं-भात आला होता. मावशीने तिला भरवलं.

आईचं ते वाक्य व्याकरणाच्या बाजूने बघण्यासारखं आहे. ‘मी सोसते’ यात मी कर्ती. सोसण्याची जबाबदारी माझी, आणि न सोसण्याचा दोषही माझाच. ‘सोसवणं’ हे आपल्या व्याकरणातलं शक्य क्रियापद. ‘मला सोसवत नाही’ म्हणताना ‘मी’ बाजूला होऊन ‘मला’ होते. त्यात हट्ट नाही, बंड नाही, कसूरही नाही. चालवत नाही, बघवत नाही, सोसवत नाही : वजन शक्तीबाहेर आहे, एवढंच ते सांगतं. काट्याने आकडा दाखवावा तसं.

हीनींची आत्या आपल्या जागी बरोबर होती. तिच्या मुलखाने इतकं पाहिलं होतं की थोलायला शिकणं ही तिथली अक्षरओळख होती. शिवाय ते शिकावं लागतं असं ती म्हणत होती, उपजत येतं असं नाही; आणि शिकायचं म्हणजे सोबत कुणीतरी असायला हवं. तिचं वाक्य मराठीत आणायची वेळ आली तर मी ‘सोसणं’च वापरीन. दुसऱ्या शब्दाने काम होणार नाही. पण ते लिहिताना ‘सोसवत नाही’ हेही त्याच क्रियापदाचं रूप आहे हे मी विसरणार नाही, कारण आईने ते भरल्या घरात उच्चारलं आणि त्या रात्री चार दिवसांत पहिल्यांदा तिला झोप लागली.