रूळ, पुठ्ठा, सहा मेणबत्त्या

२२ नोव्हेंबर, शनिवार
"मम्मी, माझी थीम काय?" दप्तर खाली ठेवायच्या आत धाकटीचा प्रश्न. तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी काल समुद्र होता. निळे फुगे, निळा केक, मावशीची साडीसुद्धा निळी. आमचा सहावा वाढदिवस १४ डिसेंबरला. रविवार आहे, बीडमध्येच, घरीच करायचा.

२३ नोव्हेंबर
दुकानात तयार संच टांगलेले. छोटा भीम, मोटू-पतलू, युनिकॉर्न, जंगल, अवकाश. एका पिशवीत झालर, फुगे, टोप्या आणि केकवर खोचायची चित्रं. दुकानदाराने विचारलं, "मुलगा का मुलगी?" मुलगी म्हटल्यावर गुलाबी पिशवी पुढे आली. धाकटी दाराकडे तोंड करून उभी होती. रस्त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालला होता. तो दिसेनासा होईपर्यंत ती वळली नाही.

काही न घेता परत आलो.

२५ नोव्हेंबर
सासूबाईंना थीम म्हणजे काय ते समजावून सांगायला बसले, तर त्याच म्हणाल्या, "बोरन्हाणाला काय करत होतो मग?" संक्रांतीचं काळं झबलं, हलव्याचे दागिने, हलव्याचा मुकुट, हातात हलव्याची बासरी. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, रेवड्या ओतायच्या आणि जमलेल्या लेकरांनी त्या वेचायच्या. "एक रंग, एक वेश, एक खेळ. खाऊ बी त्यातच आला."

यापेक्षा नेमकी व्याख्या मला कुठल्या दुकानात मिळाली नसती.

२६ नोव्हेंबर
मी पाटोदा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दिवाळी झाली की आमचा हजेरीपट विरळ होतो. उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. दोघं मिळून एक कोयता, असा हिशेब. काही लेकरं आजीजवळ राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात. काही आईबापाबरोबर फडावर जातात.

मागे राहिलेल्यांना आज विचारलं, घरी तुमचा वाढदिवस असला तर भिंतीवर काय लावाल?

"किल्ला."
"ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्यांचा."
"मोर." (नायगावचं मयूर अभयारण्य याच तालुक्यात. आमच्या मुलांना मोर चित्रात बघावा लागत नाही, तो शाळेच्या रस्त्यावर आडवा येतो.)
"केकच लावू."
"कोपी."

शेवटचं उत्तर तिसरीतल्या मुलीचं. कारखान्याच्या तळावर किंवा फडाशेजारी बांबू, पाचट आणि ताडपत्रीची राहुटी उभारतात, ती कोपी. मी विचारलं, कोपी का गं?
"कोपीत मम्मी हाय, मॅडम."

२७ नोव्हेंबर
सासऱ्यांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. त्यांच्या धाकट्या भावाचीही १ जून. गावातल्या त्यांच्या वयाच्या निम्म्या माणसांची तीच. जूनमध्ये शाळेत नाव घालताना गुरुजींनी उंची बघून वय बसवलं आणि सोयीची तारीख टाकली. जन्ममृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ सालचा. हे सगळे त्याआधीचे.

आईने त्यांना सांगितलेली खूण एवढीच, की ज्वारीची काढणी चालू होती. म्हणजे फेब्रुवारी किंवा मार्च. त्यांना कुणी केक आणला की ते संकोचतात. आज मी विचारलं, तुमची थीम काय ठेवू? बराच वेळ विचार करून म्हणाले, "हुरडा."

३० नोव्हेंबर
घरात बैठक. नवऱ्याचं मत, शिवाजी महाराज. पोरीने किल्ला बघावा, इतिहास कळावा. बेकरीवाला फोटो केक करून देतो म्हणे. सासूबाई जागेवरून उठल्या. "आन् महाराजांवर सुरी कोण चालवणार?"

मग मोर निघाला. त्यावर धाकटी रडवेली झाली, "मोराची मान कापायची?"

नियम ठरला. ज्याला हात जोडतो आणि ज्याच्यावर जीव आहे, ते केकवर नको. भिंतीवर चालेल.

१ डिसेंबर
सकाळी अंथरुणातूनच ओरडली, "रेल्वे!"

दिवाळीच्या सुट्टीत तिला स्टेशनवर गाडी दाखवून आणली होती. परळीला आणि घाटनांदूरला रेल्वे जुनी, निजामाच्या राज्यातली. बीड शहराला मात्र ती १७ सप्टेंबर २०२५ ला मिळाली, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी १९९५ ची. अहिल्यानगरहून आष्टीपर्यंत गाडी आली २३ सप्टेंबर २०२२ ला. मधल्या वर्षांत इथे रेल्वेच्या मागणीसाठी किती मोर्चे निघाले, किती धरणी झाली! नवरा शाळेत असल्यापासून "रेल्वे येणार" हे ऐकत आला. सुट्टीतल्या त्या दिवशी फलाटावर त्याला बोलता येईना.

मुलीला यातलं काही ठाऊक नाही. तिच्या लेखी गावात नदी आहे, बसस्टँड आहे, तशी गाडी आहे. मला हेच फार आवडलं.

४ डिसेंबर
"दोन रुळांत किती जागा असती?" शोधून सांगितलं, ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. आकड्याने तिचं समाधान होईना. टेप घेतला, अंगणात खडूने दोन रेघा मारल्या, बरोबर १ मीटर ६७ सेंटिमीटर आणि वर ६ मिलिमीटर. ती मधे आडवी झाली, एका रेघेला डोकं लावून. पाय दुसऱ्या रेघेला पोचेनात. तिच्या टाचेपासून रेघेपर्यंत माझी अडीच वीत जागा उरली.

"अजून वाढायचंय," म्हणाली आणि पडून राहिली.

(उठल्यावर सासूबाईंनी सांगितलं, खऱ्या रुळावर असं कधी पाऊलसुद्धा टाकायचं नाही. तीनदा म्हणवून घेतलं.)

७ डिसेंबर
बुटांची खोकी सात. खळ गव्हाच्या पिठाची, कारण घरातला गोंद दुसऱ्या खोक्यालाच संपला. चाकं बाटल्यांच्या झाकणांची. मी पुढे धुराडं लावायला घेतलं तर ओरडा मिळाला. आपली गाडी डेमू आहे, तिला वेगळं धुराड्याचं इंजिन नसतं, दोन्हीकडे तोंड असतं. माझ्या डोक्यातली गाडी अजून पुस्तकातलीच आहे. तिने खरी पाहिलेली आहे.

दोन बोटं खळीत बुडवून ती पुठ्ठ्याच्या कडेवरून हळूहळू फिरवत होती, ओठ दाताखाली धरून. एवढं एकाग्र तिला मी अभ्यासाला कधी पाहिलं नाही. तयार पिशवी आणली असती तर हा रविवार मिळाला नसता.

९ डिसेंबर
पालकांसाठी, कळकळीने. फवारायचा बर्फ मिळतो त्या डब्यात पेट घेणारा वायू असतो. पेटत्या मेणबत्तीजवळ, निरांजनाजवळ तो उडवू नका. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. आणि जत्रेत टाकीतून भरून देतात त्या वर उडणाऱ्या फुग्यांत बरेचदा हायड्रोजन असतो, हेलियम नव्हे. लहान खोलीत ते फुगे आणि वात एकत्र नकोत. आमच्याकडे तोंडाने फुगवलेले फुगे. फुगवायचं काम आजोबांकडे.

१० डिसेंबर
वाढदिवसाला जगभर म्हणतात त्या गाण्याची चाल मुळात वाढदिवसाची नाही. १८९३ साली अमेरिकेतल्या हिल भगिनींनी छापलेल्या बालवाडीच्या गाण्यांतली ती, सकाळी वर्गात नमस्कार करण्यासाठी. एक बहीण बालवाडीची शिक्षिका, दुसरी संगीतातली. सोपी ठेवली कारण लहानांना जमली पाहिजे. उद्या परिपाठाला आमच्या मुलांना हे सांगणार आहे.

१४ डिसेंबर
घरात मार्गावरची स्टेशनं केली. हॉल बीड. बैठकीची खोली राजुरी. जिना रायमोहा. स्वयंपाकघर आष्टी, कारण खायला तिथे. गच्ची अहिल्यानगर. प्रत्येक दारावर पिवळ्या कार्डशीटवर काळ्या अक्षरात नाव. बारा लेकरं एकमेकांचा सदरा धरून गाडी झाली. तिकीट नसलं तर आजोबा चढू देत नव्हते. गळ्यात शिट्टी, डोक्यावर गांधी टोपी, हातात पंच. प्रत्येक तिकिटाला नीट भोक पाडून, वाचून, परत देत होते.

राजुरीला चुरमुऱ्याचा चिवडा. रायमोहाला शेंगदाण्याचा लाडू. अहिल्यानगरला बोरं. आष्टीला केक, साधा, चौकोनी, त्यावर चॉकलेटच्या रेघांचे रूळ.

केकआधी पाटावर बसवून औक्षण. सुपारी, अंगठी, निरांजन. मग मेणबत्त्या फुंकायच्या की नाहीत यावर मोठी माणसं बोलू लागली. धाकटी म्हणाली, "ते गाडीचे दिवे आहेत. गाडी चालू असताना विझवतात का?" सहाही जळू दिल्या. शेवटची विझेपर्यंत लेकरं टेबलाभोवती उभी होती आणि कुणी काही मागितलं नाही.

जाताना शेजारचा मुलगा विचारत होता, बीडच्या पुढचं स्टेशन कुठाय? पुढे वडवणी, मग परळीकडे, ते काम चालू आहे, मी म्हटलं. त्याने खडू मागितला आणि उंबऱ्यापासून फाटकापर्यंत रूळ आखून दिले. वाकडे, पण अखंड.

१५ डिसेंबर
सासूबाईंनी अंगण झाडलं, रूळ सोडून.

१६ डिसेंबर
गाडी शाळेत नेली. मुलांनी मागे दोन डबे वाढवले. एकात खऱ्या पाचटाचा ऊस भरला. दुसऱ्यावर तिसरीतल्या त्या मुलीने गोणपाटाचा तुकडा पांघरला, दार ठेवलं, आत काडीची दोन माणसं बसवली.

तिकिटं मी जास्तच कापली होती. अठरा उरलीत. एका रबरबँडमध्ये बांधून टेबलाच्या खणात ठेवली आहेत. मार्चअखेर कारखाने बंद होतात. लेकरं परत आली की लागतील.