गोचीड

आमच्या मातोश्री रोज सायंकाळी गाईच्या कानांतले व कासेजवळचे गोचीड वेचून निखाऱ्यांवर टाकीत. या उद्योगास आम्ही हसत असू. पुढे आम्ही औषध आणले, गाईच्या अंगास चोळले आणि मोठ्या ऐटीने मातोश्रींचे वेचणे बंद पाडले. महिना लोटला नाही तोच गोचीड पुन्हा हजर! रक्त पिऊन टच्च फुगलेली मादी खाली गळून पडते व भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते; गाय ही तिची केवळ खानावळ, बिऱ्हाड भिंतीत, हे आम्ही विसरलो होतो. गोचीड गुरांचा ताप पसरवितो हे थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी अमेरिकेत १८९३ सालीच दाखवून दिले, हेही आमच्या वाचनात होते. पण ते गोठ्यापर्यंत पोचले नव्हते. आमच्या संकरित कालवडीस ताप भरला, खांद्यापुढच्या गाठी सुजल्या; डॉक्टरांस बोलावण्यास आम्ही दोन दिवस उशीर केला आणि ती गेली. मातोश्री एक अक्षर बोलल्या नाहीत. आता औषध ठरल्या दिवशी लागते, भेगा आम्ही स्वतः लिंपतो. आणि सायंकाळी निखारेही आम्हीच फुंकून देतो.